हाय-रूफ व्हॅनचा कॅम्पर करावा का? आत उभं राहता येण्याची किंमत किती?

गंगापूर रोडकर:
जुनी १३ सीटर ट्रॅव्हलर बघून ठेवली आहे, कंपनीचीच हाय-रूफ. सीटा काढून आत पलंग, ओटा, बॅटरी असं करायचंय. घरात आम्ही चौघं आणि आई. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, वाकून वावरणं जमत नाही. दिवाळीत भंडारदऱ्याला मित्राच्या ईकोत, म्हणजे बुटक्या टपाच्या छोट्या व्हॅनमध्ये, मुक्काम केला. पहाटे आईला साडी नेसायची होती. आत उभं राहता येईना म्हणून खाली उतरली. बायको आणि मुलगी दोन बाजूंनी चादर धरून उभ्या, वाऱ्याने चादर फडफडतेय, आणि आई निऱ्या घालतेय. आई काही बोलली नाही, पण माझं तिथेच ठरलं. उभं राहता येत नसेल तर कॅम्पर करण्यात अर्थच नाही.

रोजचा घोटी-इगतपुरी:
भावना समजली दादा, तरी माझा विरोध आहे. चार वर्षं हाय-रूफ चालवतोय. जुलैत घोटीच्या पुढे बाजूचा वारा लागला की गाडी लेन सोडायला बघते. कंटेनरला ओव्हरटेक करताना आधी त्याच्याकडे ओढली जाते, पुढे निघालो की एकदम बाहेर फेकली जाते. आणि कॅम्पर करणारे सगळं ओझं टपावर चढवतात. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. ते डोक्यावर घेऊन कसारा घाट उतरणार का? सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी जात नाही, माझी रोज रस्त्यावर उभी असते. त्यापेक्षा छोटी गाडी घेऊन पॉप-टॉप करा. चालताना टप खाली, मुक्कामाला वर.

अंबड एमआयडीसी:
फॅब्रिकेशनचं काम करतो म्हणून लिहितोय. पॉप-टॉप करायचा म्हणजे मूळ टप कापायचा. टपाखालच्या आडव्या कमानी कापल्या की बॉडीची ताकद गेली, गाडी उलटली तर तीच कमान माणसाला वाचवते. माझ्याकडे अशी एक गाडी आली होती. कापलेल्या कडेचं सीलंट सुटलेलं, आतली प्लाय बोटाने दाबली तर चुरा होत होती. इगतपुरीच्या पावसात कापडी बाजू तीन दिवस वाळत नाही.
वाऱ्याचं म्हणणं मात्र खरं आहे. म्हणून पाण्याची टाकी खाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन एक्सलच्या मध्ये घ्या. बॅटरी पलंगाखाली. टपावर फक्त सोलर आणि छताचा पंखा. उंच टपाचा फायदा मे महिन्यात कळतो: गरम हवा डोक्याच्या वर जमते, पंखा तिला बाहेर काढतो. पण पत्र्याला आतून इन्सुलेशन हवंच, नाहीतर हिवाळ्यात पहाटे अंथरुणावर पाणी ठिबकतं.

इंदिरानगरची:
टपावरून भांडताय आणि आरसी कोणी बघतच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाला धक्का लागेल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे अशा मुक्कामाच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर १३ सीटा आणि आत गॅसची शेगडी, अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल? आधी आरटीओत विचारा, मग सुतार बोलवा.
आणि एक. आईंचे गुडघे गेलेत म्हणता, मग टपाआधी पायरी बघा ना! हाय-रूफ गाडीचा फ्लोअरही उंच असतो. रात्री तीनदा उतरावं लागलं तर?

गंगापूर रोडकर:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी आईला गाडी दाखवायला नेलं. पहिली पायरी जमिनीपासून १५ इंच भरली. चढताना मी हात दिला, उतरताना तिला फारच जड गेलं. पण आत गेल्यावर सरळ उभी राहिली, हात वर करून टपाला लावून बघितला आणि म्हणाली, "इथे नेसता येईल."
गाडी हाय-रूफच घेणार. सरकती जादा पायरी आणि दोन्ही बाजूंना दांडे आधी, आत छोटं टॉयलेटही. सोमवारी कागद घेऊन आरटीओत जातोय, तोपर्यंत बयाणा देणार नाही.

रोजचा घोटी-इगतपुरी:
माझं मत बदललेलं नाही. पण घेणारच असाल तर आई मागे असताना पावसाळ्यात घोटीच्या पुढे ६० च्या वर काटा जाऊ देऊ नका. आणि टाकी खालीच.