मदत हवी आहे: ढिगात साठवलेली वरची माती भरावावर कशी पसरावी?

मंडळी, खुल्या कोळसा खाणीच्या भरून काढलेल्या भागावर माती पसरायचं काम अंगावर आलंय. खोदाईआधी वरची माती वेगळी काढून ठेवली होती, ही जमेची बाजू. पण ढीग उंच आहे आणि काही वर्षं तसाच पडून आहे. कडेला कापून पाहिलं तर वरची हातभर माती भुसभुशीत, गवताच्या मुळ्यांनी भरलेली. आत मात्र करडी-निळसर, चिकट, कुबट वासाची. आत हवाच पोचलेली नाही, त्यामुळे तिथे मुळांशी जोडीनं जगणारी बुरशी आणि रुजणारं बी फारसं उरलं नसणार.

वरचा जिवंत थर बाजूला काढून सगळ्यात शेवटी पसरावा, की सरसकट मिसळून टाकावी? मला पहिलंच पटतं, पण त्यात माती दोनदा हाताळावी लागते आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

दुसरी अडचण जास्त मोठी. डंपर फिरून भराव दगडासारखा झालाय. रिपरनं (जमीन खोलवर फाडणाऱ्या दात्याच्या अवजारानं) फोडून घेऊ, पण वरून डोझर फिरला की पुन्हा तेच. एक्स्कॅव्हेटर मागे घेत घेत, माती न तुडवता कुणी पसरली आहे का? जमीन सपाट दिसली नाही तरी चालेल.

शिवाय भरावात पायराइटचे चमकते कण दिसतात; हे लोह-गंधकाचं खनिज, हवा-पाणी लागलं की हळूहळू आम्ल तयार करतं. नुसता पीएच पाहून चुन्याचं प्रमाण ठरवू नये, पुढे तयार होणारं आम्लही मोजावं, असं माझं मत. ही चाचणी करून घेतलेल्यांनी नमुने किती खोलीवरून घेतले, ते कृपया सांगा.