मदत हवी आहे : कांदा चाळीवरचा कॅमेरा रात्रभर किड्यांचंच रेकॉर्डिंग करतोय

नमस्कार मंडळी. निफाडजवळ शेतावर घर आणि कांद्याची चाळ आहे. गेल्या महिन्यात २ मेगापिक्सेलचे ४ कॅमेरे आणि १ टीबी हार्डडिस्कचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बसवला. बसवणारा सगळं २४ तास रेकॉर्डिंगवर ठेवून गेला, आता फोन उचलत नाही.

प्रत्येक कॅमेऱ्याला २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरले तर चौघांचे मिळून दिवसाला साधारण ८६ जीबी होतात. म्हणजे अकरा-बारा दिवसांत जुनं पुसलं जातं. मला निदान महिनाभराचं हवंय. म्हणून शेड्यूलमध्ये दिवसा सलग आणि रात्री १० ते ६ फक्त मोशन (हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग) असं लावलं.

खरी गंमत रात्री. इन्फ्रारेडच्या उजेडाला चिलटं, पाकोळ्या येतात, लेन्ससमोर कोळ्याचं जाळं हलतं आणि मोबाइलवर नोटिफिकेशनचा पाऊस! सेन्सिटिव्हिटी कमी केली, तर परवा बिबट्या चाळीमागून गेला तो रेकॉर्डच झाला नाही. सकाळी ठसे दिसले तेव्हा कळलं. वडील म्हणतात, यापेक्षा आपला मोत्या बरा.

चाळीच्या दारापुरताच भाग मोशनसाठी निवडला तर फरक पडेल का? की कॅमेऱ्यातलं इन्फ्रारेड बंद करून लांब वेगळा दिवा लावू? प्री-रेकॉर्ड (हालचाल सुरू होण्याआधीचं रेकॉर्डिंग) किती सेकंद ठेवता? आणि एच.२६५ (कमी जागेत व्हिडिओ साठवायची पद्धत) केल्यावर चित्र खराब होतं का? ज्यांनी शेतावर स्वतः लावलंय त्यांनी सांगा. नवीन घ्या म्हणू नका, कांद्याचे भाव माहीतच आहेत.