मदत हवी आहे: दुसरीतल्या मुलाची डिस्लेक्सियासाठी (वाचन-लेखनातल्या अक्षमतेसाठी) तपासणी, मराठीतून

नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. मुलगा दुसरीत, मराठी माध्यम. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण वाचताना 'कमळ'लाही अडखळतो. जोडाक्षर आलं की डोळे भरून येतात. लिहिताना वेलांट्या-मात्रा गळतात. डोळे, कान तपासले, ठीक आहेत. बाई म्हणतात, थांबा, चौथीपर्यंत येईल. मला थांबायचं नाही, तोवर तो स्वतःला ढ समजायला लागेल.

डिस्लेक्सियाची शक्यता तपासणारी 'दाली' ही चाळणी चाचणी मराठीतही आहे, पहिली-दुसरीसाठी वेगळी. ठाणे-मुलुंड भागात ती कोण करतं? शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या एलडी (अध्ययन अक्षमता) क्लिनिकमध्ये एवढ्या लहान मुलाला कुणी नेलंय का? मराठीतून शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका माहीत असतील तर कृपया कळवा.