"तुम्ही त्याच का?" आडनावावरून विचारलं गेलंय कधी?

सायली_ठाणे: काल मुलाच्या दप्तरात कॅमलचा कंपास दिसला आणि बाबा आठवले. आम्ही दांडेकर. बाबा तालुक्याच्या शाळेत शिकवायचे. नव्या वर्गात पोरं हमखास विचारायची, "सर, शाईवाले दांडेकर तुमचेच का?" आमचा त्या घराशी काही संबंध नाही. पण बाबा नुसतं "नाही" म्हणून सोडायचे नाहीत. 1931 साली गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईची पूड विकायला सुरुवात केली, तिथून उंटापर्यंतची सगळी गोष्ट सांगायचे. मग गडकिल्ल्यांवर फिरणारे गोनीदा, मग ज्ञानेश्वरीवाले सोनोपंत. तास संपायचा. आपल्या आडनावाच्या माणसांचं त्यांना फार अप्रूप होतं. तुमच्याकडे काय किस्से? लिहा ना.

माहेरची_गाडगीळ: लग्न ठरताना सासरच्या आत्यांचा पहिला प्रश्न, "सराफांकडचे का?" आई म्हणाली, "नाही हो, पोस्टातले." पेढी सांगलीची, 1832 सालची, त्यामुळे लोक विचारणारच. पण अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांबद्दल कुणी विचारत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागे विखे पाटलांबरोबर उभा राहिलेला माणूस! आणि त्यांचा मुलगा माधवराव. 2011 चा पश्चिम घाट जपण्याविषयीचा अहवाल त्यांच्याच समितीचा. दर पावसाळ्यात दरड कोसळली की तो आठवतो. कुकर झाला, नंतर लिहिते.

कुंडलकर: किर्लोस्करांचं उलटं आहे. लोकांना वाटतं नाटकवाले वेगळे, पंपवाले वेगळे. अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे आणि लक्ष्मणरावही तिथलेच. एकाने 1880 ला पुण्यात शाकुंतल उभं केलं, दुसऱ्याने 1910 ला आमच्या इथल्या माळावर नांगराचा कारखाना. औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली. आताच्या किर्लोस्करवाडी स्टेशनचं नाव आधी कुंडल रोड होतं. आजोबांचा लोखंडी नांगर अजून गोठ्यात आहे, विकू देत नाही मी.

सायली_ठाणे: @कुंडलकर फोटो टाका की नांगराचा!

टोरांटोची_मनू: चितळे. सासरचं. इथल्या मराठी मंडळात ओळख करून दिली की पुढचं वाक्य ठरलेलं, "मग बाकरवडी आणली का?" 😀

रानवारा: @मनू त्यांना वेणू चितळे सांगा. दुसऱ्या महायुद्धात लंडनहून बीबीसीवर बोलायच्या, लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम केलेल्या. मराठी बाई, त्या काळात!

टोरांटोची_मनू: हे माहीतच नव्हतं. लेकीला सांगते आजच.

बाबुराव_नागपूर: आमचे शेजारी पेंढरकर. विको कंपनी पेंढरकरांची, म्हणून कॉलनीतली पोरं त्यांना बघून विकोची जाहिरात म्हणायची. काका मूळचे कोल्हापूरचे, ते म्हणायचे, "मला सिनेमावाल्या भालजी पेंढरकरांचं विचारा रे." पोरांना भालजी कोण ते ठाऊक नाही. मग काकांनी एका रविवारी सगळ्यांना घरी बोलावून भालजींचा जुना सिनेमा दाखवला, वर चिवडा. देवमाणूस.

माहेरची_गाडगीळ: किती गोड! @मनू, बाकरवडीचा प्रवासात चुरा होतो का गं? भावाकडे पाठवायचीय.

टोरांटोची_मनू: पाकीट न फोडता स्टीलच्या डब्यात घाल, फटीत रुमाल कोंब. हातातल्या बॅगेत ठेव.

कुंडलकर: फोटो उद्या टाकतो, आत्ता गोठ्यात उजेड नाही.