नाशिककर थंड आहेत, हे कुणी ठरवलं?

गंगापूररोडकर: कोलंबो २०२२, ढाका २०२४, काठमांडू २०२५. माणसं रस्त्यावर उतरली, सरकारं गेली. आपल्याकडे कांदा मातीमोल झाला तरी शेतकरी ट्रॅक्टर घेऊन निमूट लिलावाला उभा. नाशिककर मुळातच थंड.

नागली: हे वाचून गप्प बसवत नाही. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून किसान सभेचा शेतकरी मोर्चा निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत पोचला. १२ तारखेला दहावीचा पेपर होता. पोरांची अडचण नको म्हणून त्या भेगाळलेल्या पायांनी सायनहून रात्रीतच आझाद मैदान गाठलं. ही माणसं थंड?

मार्चच का, तेही बघा. मोर्चातले बरेच जण सुरगाणा-पेठच्या आदिवासी पट्ट्यातले. त्यांची भात-नागली डिसेंबरपर्यंत घरात येते, पेरणी जूनमध्ये. मधे रान रिकामं. त्याच मार्चमध्ये निफाडचा द्राक्ष बागायतदार हलू शकत नाही, घड तयार आणि व्यापारी दारात.

दुसरं, मागणी कागदावर होती: कसत असलेली वनजमीन नावावर करा. वनहक्काचा दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा आणि किमान दोन पुरावे लागतात. फेटाळला तर ६० दिवसांत अपील, पण निर्णयाचा कागदच हातात पडला नाही तर अपील कशावर करणार? दावा नेमका कुठे अडला हे गावाला ठाऊक होतं, म्हणून लेखी आश्वासन घेऊनच उठले.

गंगापूररोडकर: दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. अपमान सहन होईना म्हणून माणसं उठली. तिथे कुठलं रिकामं रान बघितलं?

नागली: मुद्दा खरा आहे. पण नुसत्या संतापावर तो इतका टिकला नसता. चारही दरवाजांवर तुकड्या बसवायच्या, गावोगावहून माणसं आणायची, हे दादासाहेब गायकवाडांनी उभं केलं.

चाळमालक: कांद्याचं कुणी बोलतच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली, तेव्हा बाजारात लाल कांदा होता. त्याची मान जाड, पाणी जास्त, दोन-तीन आठवड्यांत कोंब किंवा सड. लिलाव बंद पाडले तर पहिलं नुकसान शेतकऱ्याचंच. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने धरता आला असता.

द्राक्षबाग: धरता येतो, चाळ नीट असेल तर. अर्धे जण थर पाच फुटांच्या वर नेतात, मधला कांदा तापतो आणि काळी बुरशी धरते. पात कापताना मान इंचभर ठेवायची, कापल्यावर सावलीत सुकवायचा. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवा, खालून वारा खेळला पाहिजे.

चाळमालक: आणि रुंदी चार फूट, त्याहून जास्त नाही. पत्र्याखाली पाचट टाकलं नाही तर वरचा थर भाजतो.

सिडको_सहावी_स्कीम: अहो, विषय सरकारचा चाललाय आणि तुम्ही चाळ बांधताय!

चाळमालक: चाळ हाच विषय आहे! ज्याचा माल थांबतो तोच सरकारशी थांबून भांडू शकतो. सिडकोत बसून हे कळायचं नाही.

सिडको_सहावी_स्कीम: आवाज चढवू नका. ४ मे २०२४ ला बंदी उठली आणि २० मे ला नाशिक-दिंडोरीत मतदान होतं. रस्त्यावर कोण होतं तेव्हा? सरकार मतपेटीला घाबरलं. तरीही दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्याच. मत असताना दगड कशाला?

गंगापूररोडकर: उठली म्हणजे ४० टक्के शुल्क लावून उठली. ते पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर किती लाल कांदा गेला? मत पाच वर्षांनी, सड तीन आठवड्यांत. थंड म्हणालो ते मागे घेतो. पण मताने सगळं होतं हे मान्य नाही.

नागली: एवढं मागे घेतलंत, पुरे.

चाळमालक: मग दबाव आणायचा तो चाळी भरल्यावर, मे ते सप्टेंबर. पण त्या दिवसांत भाव बरा असेल तर आपला माल बांधावर ठेवून येणार कोण, ते सांगा.