इंग्लंडमधील थकीत पगार : ट्रायब्यूनलकडे दावा कसा करावा?

लेस्टरकर :
नमस्कार. मी येथील एका केअर होममध्ये काम करीत होतो. नोकरी सोडल्यावर २८ फेब्रुवारीला देय असलेला शेवटचा पगार व न घेतलेल्या रजेचे पैसे मालकाने ‘प्रशिक्षणाचा खर्च’ म्हणून अडवून ठेवले. अशा कपातीचा उल्लेख माझ्या करारात नाही आणि मी कोठे लेखी संमतीही दिलेली नाही. वकील परवडणारा नाही. एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलकडे, म्हणजे नोकरीविषयक वादांच्या न्यायाधिकरणाकडे, स्वतः जाता येईल का? फी किती पडते?

सुहास :
स्वतः जाता येते आणि फी नाही. २०१३ मध्ये लावलेली फी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये युनिसन या कामगार संघटनेच्या खटल्यात बेकायदा ठरवली. कायद्याची बाजूही आपल्याकडे आहे : १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टच्या कलम १३ नुसार पगारातून कपात करायची, तर तिला कायद्याचा किंवा कराराचा आधार हवा, अथवा कामगाराची आधीच घेतलेली लेखी संमती हवी. शिवाय प्रशिक्षण सक्तीचे असेल, तर त्याच्या कपातीमुळे पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये.

खरी अडचण मुदतीची आहे. पगार देय झाल्यापासून तीन महिन्यांत एक दिवस कमी, म्हणजे आपल्या बाबतीत २७ मेपर्यंत, एकॅस या संस्थेला समेटासाठी कळवलेच पाहिजे. ही पायरी गाळून थेट दावा दाखल करता येत नाही. एकॅसला कळवल्यापासून तिचे प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा काळ मुदतीत धरला जात नाही. मालकाशी ईमेलने वाद घालत बसण्यात अनेकांचे हेच आठवडे वाया जातात, म्हणून पत्रव्यवहार चालू ठेवूनही कळवण्याचे काम आजच उरकावे. समेट फिसकटला, तर प्रमाणपत्राचा क्रमांक घालून ईटी-१ हा दाव्याचा अर्ज ऑनलाइन भरावा. मालकाला उत्तरासाठी २८ दिवस मिळतात.

लेस्टरकर :
आभारी आहे. केअर होमच्या पाटीवर एक नाव आहे आणि पेस्लिपवर दुसऱ्याच लिमिटेड कंपनीचे. कोणते लिहावे?

मीनल :
साधारणपणे पेस्लिपवरील कंपनीच मालक असते. तरीही करार पाहावा आणि कंपनीज हाउस या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते नाव विनामूल्य तपासावे. एकॅसच्या प्रमाणपत्रावर व ईटी-१ वर तेच नाव जुळले पाहिजे, नाहीतर दावा परत येण्याचा धोका असतो. कंपनीने नोंदणी रद्द करण्यासाठी अर्ज केलेला दिसल्यास तेथेच हरकत नोंदवता येते. कंपनी दिवाळखोर झाली, तर जास्तीत जास्त आठ आठवड्यांचा थकीत पगार, ठरावीक साप्ताहिक मर्यादेत, सरकारच्या नॅशनल इन्शुरन्स फंडातून मिळू शकतो.

सुहास :
मीनलताईंच्या उत्तराला एक पुस्ती. निकाल लागला म्हणजे पैसे हाती आले असे होत नाही, कारण ट्रायब्यूनल स्वतः वसुली करीत नाही. मालकाने टाळाटाळ केली, तर हायकोर्टाच्या वसुली अधिकाऱ्यामार्फत किंवा काउंटी कोर्टातून वसुली करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी मात्र फी भरावी लागते. म्हणून एकॅसच्या मध्यस्थीत रास्त रक्कम मिळत असेल, तर ती घेण्यात काही कमीपणा नाही.