सल्ला हवा: तीन वयांची तीन मांजरं, कोणाला काय आणि किती घालावं?

अबोली_घाटमाथा
घरात तीन जण आहेत.
पिल्लू: ९ आठवडे, ८५० ग्रॅम.
बोका: ४ वर्षं, नसबंदी झालेली, ५.८ किलो. व्हेटच्या मते ४.८ हवा.
मनी: १२ वर्षं. गेल्या वर्षी ३.६ किलो होती, आता ३.१. खाते मात्र नीट, उलट जास्तच मागते.
सध्या तिघांना एकच ॲडल्टचं कोरडं खाणं, वाडगा दिवसभर भरलेला. संध्याकाळी थोडं दूध-पोळी नाहीतर उकडलेलं चिकन. व्हिस्कस, मी-ओ, ड्रूल्स, रॉयल कॅनिन, फार्मिना यांतलं कुठलं घ्यावं? पिल्लाचं, मोठ्याचं, म्हातारीचं अशी वेगवेगळी पाकिटं खरंच लागतात का, की नुसती विक्रीची युक्ती आहे?

भाटीवाला
मनीपासून सुरुवात करतो, कारण तिचा प्रश्न पाकिटाचा नाहीच. ३.६ वरून ३.१ म्हणजे जवळपास १४ टक्के वजन गेलंय, आणि भूक वाढलेली आहे. या वयात ही जोडी दिसली की पहिला संशय थायरॉइड वाढल्याचा, दुसरा मधुमेहाचा. किडनीचा आजारही सोबत असू शकतो. आधी तपासण्या: रक्तात टी-४ (थायरॉइडचं हार्मोन), क्रिएटिनिन आणि एसडीएमए (दोन्ही किडनीचं काम दाखवतात), साखर, लघवीची घनता, रक्तदाब, आणि तोंड उघडून दात. सीनियरचं पाकीट आणून महिनाभर वाट बघत बसू नका.

दोन चुका इथे हमखास होतात. एक, ‘म्हातारी झाली, प्रोटीन कमी करा’. किडनी ठीक असलेल्या म्हाताऱ्या मांजराला उलट चांगलं प्रोटीन जास्त लागतं, कारण साधारण ११-१२ वर्षांनंतर अनेक मांजरांची प्रोटीन आणि चरबी पचवण्याची ताकद घटते आणि स्नायू झिजतात. पाठीच्या कण्यावरून हात फिरवा. मणके बोटाला टोचत असतील तर झीज सुरू झालीय. दोन, कोणीतरी सांगितलं म्हणून किडनीचं डाएट आधीपासूनच चालू करणं. ते रिपोर्टमध्ये किडनीचा आजार दिसल्यावर, आणि त्यातलं मुख्य काम कमी फॉस्फरसचं.

रिपोर्ट येईपर्यंत: ओलं खाणं जास्त, दिवसातून चार वेळा थोडं थोडं, कोमट करून. फ्रिजमधून काढलेल्या पाऊचला वास नसतो, आणि मांजर आधी वासावर जेवते. पाऊच गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवलं तरी पुरतं.

आकडेमोड
ब्रँडचं उत्तर सरळ देता येणार नाही, कारण एकाच कंपनीची दोन पाकिटं फार वेगळी असतात. पाकीट उलटं करा आणि क्रमाने बघा.

पहिलं, ‘कम्प्लीट’ (संपूर्ण जेवण) लिहिलंय की ‘कॉम्प्लिमेंटरी’ (नुसतं जोडीला द्यायचं). ग्रेव्हीतले टूनाचे तुकडे, चाटायच्या क्रीमी ट्यूब यांतलं बरंच काही दुसऱ्या गटातलं असतं. चवीला ठीक, पण रोजचं जेवण तेवढंच असेल तर कमतरता ठरलेली.

दुसरं, कुठल्या वयासाठी. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: युक्ती अर्धीच. एएएफसीओ या अमेरिकन संस्थेच्या निकषांत दोनच गट आहेत, वाढीचं वय व गाभणपण आणि मोठं मांजर. पाणी वगळून किमान प्रोटीन पहिल्याला ३० टक्के, दुसऱ्याला २६. ‘सीनियर’ असा वेगळा निकषच नाही, त्यामुळे ७+ किंवा ११+ लिहिलेल्या पाकिटात काय घालायचं ते कंपनी ठरवते. किटनचं पाकीट मात्र खरंच वेगळं लागतं.

तिसरं, कॅलरी. आपल्याकडच्या अनेक पाकिटांवर त्या छापलेल्याच नसतात, पण काढता येतात. समजा कोरड्या खाण्यावर प्रोटीन ३२, फॅट १२, फायबर ४, ओलावा १० लिहिलंय. राख लिहिलेली नसेल तर ८ धरा. १०० मधून हे सगळं वजा केलं की ३४ उरतात, ते कार्बोहायड्रेट. मग ग्रॅममागे प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटला ३.५, फॅटला ८.५ किलोकॅलरी धरा: ३२ गुणिले ३.५, १२ गुणिले ८.५, ३४ गुणिले ३.५. बेरीज ३३३ किलोकॅलरी, १०० ग्रॅममागे. पाऊचचं याच रीतीने (प्रोटीन ८, फॅट ३, फायबर १, ओलावा ८३, राख २) साधारण ६४ येतं, म्हणजे ८५ ग्रॅमच्या पाऊचला ५५ धरा.

आणि पाऊचवरचं ‘प्रोटीन ८ टक्के’ बघून नाक मुरडू नका. पाणी वगळलं तर उरलेल्या १७ भागांत ८ प्रोटीन आहे, म्हणजे ४७ टक्के. कोरड्यातलं ३२ तसंच मोजलं तर ३५-३६ भरतं.

आता बोका. वजनाचा ०.७५ वा घात गुणिले ७० हा विश्रांतीच्या गरजेचा, म्हणजे नुसतं पडून राहायला दिवसाला लागणाऱ्या किलोकॅलरींचा हिशोब. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वजनाचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ, आणि मूळ वजनाला त्याने भागा, तोच घात. ४.८ किलोसाठी (आजच्या ५.८ साठी नाही!) २२७ येतात. वजन उतरवायला त्याच्या ०.८ पट, म्हणजे १८२. दोन पाऊच ११०, उरलेल्या ७२ साठी कोरडं २२ ग्रॅम. बस्स. २२ ग्रॅम किती कमी दिसतं ते काट्यावर बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून वाटी-चमच्याने मोजू नका. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या.

भाटीवाला
आकडे बरोबर, फक्त एकदम १८२ वर उडी नको. आधी दिवसभर भरलेला वाडगा बंद करा, आज तो किती खातो ते मोजा, आणि दोन-तीन आठवड्यांत खाली या. आठवड्याला अर्धा ते एक टक्का वजन उतरलं पाहिजे, म्हणजे ३० ते ६० ग्रॅम. किलोभर उतरायला चार ते आठ महिने लागतील. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं तर अंगातली चरबी यकृतात साठते (हेपॅटिक लिपिडोसिस) आणि जिवावर बेतू शकतं. ‘भूक लागली की खाईल’ हा कुत्र्याचा नियम मांजराला लावू नका. आणखी एक: साधं ॲडल्टचं खाणं इतकं कमी केलं की कॅलरीबरोबर प्रोटीन आणि जीवनसत्त्वंही कमी पडतात. म्हणून वजन उतरवायचं खास खाणं व्हेटला विचारून घेतलेलं बरं.

नसबंदीनंतर कॅलरीची गरज साधारण पाव हिस्सा घटते आणि भूक वाढते. बहुतेक बोके तिथेच फुगतात. पिल्लाची नसबंदी पाच-सहा महिन्यांचं असताना झाली तर खाणं किटनचंच ठेवायचं, माप कमी करायचं.

सायीचा_वाटेकरी
इतकं गणित! आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या मांजरं दूध-भात आणि माशाच्या काट्यांवर जगली. उकडलेलं चिकन तर ताजं असतं, त्यात काय वाईट?

टोपलीतली_मनी
ती मांजरं दूध-भाताच्या जोडीला उंदीर, पाली, पाखरं खायची. उंदरात हाडं, काळीज, हृदय, आतडी सगळं येतं. फ्लॅटमधल्या मांजराच्या ताटलीतून नेमकं तेवढंच गायब झालंय.

चिकन वाईट नाही, अपुरं आहे. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५. मांजराला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा थोडं जास्त लागतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. पिल्लू नुसत्या चिकनवर वाढलं तर काही आठवड्यांत लंगडतं आणि साध्या उडीने हाड मोडतं. याचा अर्थ शिजवलेली हाडं घाला असा नाही. ती चिरतात, घशात किंवा आतड्यात अडकतात.

दुसरी अडचण टॉरिनची, म्हणजे मांसात मिळणाऱ्या एका पोषकद्रव्याची. मांजर ते पुरेसं बनवू शकत नाही, आणि चिकन उकडल्यावर बरंच टॉरिन पाण्यात उतरतं. ते पाणी आपण ओतून देतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय फुगतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हृदयाचा हा आजार टॉरिनशी जोडून दाखवला, आणि त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं. एएएफसीओचा आजचा किमान निकष कोरड्या खाण्यात ०.१ टक्का, डबा-पाऊचमध्ये पाणी वगळून ०.२.

बाकी थोडक्यात:
मासे: कच्ची तारली नको, तिच्यातलं थायामिनेज जीवनसत्त्व बी-१ मोडतं. शिजवून, काटे काढून, आठवड्यातून एखाद-दोनदा. खारवलेलं सुकट-बोंबील नको.
काळीज: रोज नको. जीवनसत्त्व ‘अ’ साठत जातं आणि मानेचे मणके जखडतात.
कांदा-लसूण घातलेला रस्सा: अजिबात नाही. तांबड्या पेशी फुटतात.
दूध: बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. पचलं तरी ५० मिली गाईच्या दुधात ३०-३२ किलोकॅलरी असतात, बोक्याच्या दिवसाच्या वाट्याचा सहावा हिस्सा. पोळी त्यावर आणखी.

वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांत बसवा. बोक्यासाठी ते १८ किलोकॅलरी, म्हणजे ११ ग्रॅम शिजलेलं चिकन. कोणाला सगळंच घरी करायचं असेल तर कॅल्शियम, टॉरिन, बी गट, ई, आयोडीन, जस्त यांची मापं लिहिलेली पाककृती पशुपोषण जाणणाऱ्या डॉक्टरकडून घ्यावी. व्हिडिओ बघून अंदाजाने नको.

शाकाहारी_पण_मांजरप्रेमी
घरात मांस चालत नाही. पनीर, अंडं, सोया यांवर भागेल का?

टोपलीतली_मनी
नाही. गाजर-भोपळ्यातल्या बीटा कॅरोटिनपासून मांजर जीवनसत्त्व ‘अ’ बनवू शकत नाही, ॲराकिडोनिक ॲसिड (एक गरजेचं फॅटी ॲसिड) हेही तिला प्राण्यांच्या चरबीतूनच हवं. पण मांस शिजवायची गरजच नाही. कम्प्लीट लिहिलेलं पाकीट, वेगळा वाडगा, वेगळा चमचा. घरचा नियम आणि मांजर दोन्ही सांभाळलं जातं. कुत्र्याचं खाणं स्वस्त पडतं म्हणून तेही आणू नका, त्यात मांजरापुरतं टॉरिन असेलच असं नाही.

आकडेमोड
पिल्लू राहिलंच. ०.८५ किलोची विश्रांतीची गरज ६२, वाढीसाठी अडीच पट, म्हणजे दिवसाला १५५ किलोकॅलरी. किटनच्या कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ४०० च्या आसपास असतात, त्यामुळे सुमारे ३९ ग्रॅम, चार वेळांत. चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन-तीन. वर्षाचं होईपर्यंत किटनचंच. पिल्लाच्या बाबतीत मापापेक्षा वाढ बघा: आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास भर पडली पाहिजे. दर आठवड्याला वजन करून माप वाढवत जा. पोट ढोल आणि पाठ हडकुळी दिसली तर खाणं बदलण्याआधी जंताचं औषध.

कोरडं आणि ओलं दोन्ही आत्ताच दाखवा. एकाच प्रकारच्या खाण्याची सवय लागलेलं मांजर मोठेपणी दुसऱ्याला तोंड लावत नाही, आणि पुढे आजारपणात नेमकं ओलंच द्यावं लागतं.

भाटीवाला
बदल सात ते दहा दिवसांत: आधी पाव नवीन, मग अर्धं, मग पाऊण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे.

बोक्याचं पाणीही बघा. किलोमागे दिवसाला ५० मिलीच्या आसपास, खाण्यातलं धरून. दोन पाऊचमधून १४० मिली येतं, कोरड्यातून जवळपास शून्य. बोका मातीत वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी थेंबभरच होते किंवा होतच नाही, असं दिसलं तर ती बद्धकोष्ठता समजून घरगुती उपाय करू नका. मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा.

पावसाळी_बेट
मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, विशेषतः जून ते सप्टेंबर कोकण-मुंबईत. एक-सव्वा किलोची पाकिटं घ्या, महिन्याभरात संपवा. मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यात सुटं ओतलं तर जुन्या दाण्यांचं तेल तळाशी खवट होतं आणि तारीखही हरवते. दुकानातलं सुटं मोजून दिलेलं नकोच. कुबट वास आला की टाकून द्यायचं, उन्हात वाळवून बुरशीचं विष जात नाही. मुंग्यांसाठी वाडगा पाण्याच्या ताटलीत.

अबोली_घाटमाथा
मनीच्या तपासणीची वेळ घेतली. एक अडचण: बोका सगळ्यांचं संपवतो. आणि मनी बारीक आहे तर तिला किटनचंच घालू का, कॅलरी जास्त असतात म्हणून?

भाटीवाला
रिपोर्ट बघितल्याशिवाय नाही. किटनच्या खाण्यात फॉस्फरसही जास्त असतो. किडनी बिघडलेली निघाली तर नेमकं तेच टाळायचं असतं.

बोक्यासाठी: तिघांची जेवणं ठरलेल्या वेळी, दारं बंद करून, वीस मिनिटं. नंतर उरलेलं उचला. पिल्लाची जागा खोक्यात करता येईल. पुठ्ठ्याच्या खोक्याला ८-९ सेंटिमीटरचं भोक पाडा, पिल्लू आत जाईल, बोक्याचं फक्त डोकं जाईल. म्हणून वाडगा भोकापासून हातभर लांब, मागच्या भिंतीला टेकवून. पिल्लू वाढलं की ही सोय संपली, मग दारच.

टोपलीतली_मनी
खोक्यावर वजन ठेवा. नाहीतर बोका ते आडवं पाडतो.